अ.पा.क. आई

सातबाऱ्यावर खातेदार अठरा वर्षांच्या आतला असला, की त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' ही अक्षरे येतात आणि त्यांच्यापुढे आईचे, आजोबांचे किंवा चुलत्याचे नाव लागते. अज्ञान पालनकर्ता असा त्यांचा विस्तार. महसुली भाषेत अज्ञान म्हणजे कायद्याने अजून सज्ञान न झालेला. एकोणतीस वर्षे ग्रामसेवक म्हणून नोकरी केल्यामुळे असे उतारे माझ्या पाहण्यात पुष्कळ आले. ज्या एका उताऱ्यामुळे मी आज लिहायला बसलो आहे तो २०१९ साली मी सेवानिवृत्त झाल्यानंतरचा आहे, पण त्याची सुरुवात माझ्याच टेबलावर झाली होती.

२०११ सालचा पोळा नुकताच आटोपला होता. यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी तेव्हा होतो. एक जोडपे कडेवर वर्षाचे पोर घेऊन विवाह नोंदणीसाठी आले. १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्यानुसार खेड्यात तेव्हा ग्रामसेवकच विवाह निबंधक असे, त्यामुळे अर्ज माझ्याकडेच यायचा. अर्जात लग्नापूर्वी वर अविवाहित होता, विधुर होता की घटस्फोटित, हे लिहावे लागते. त्याने 'घटस्फोटित' लिहिले होते आणि पुरावा म्हणून शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केलेली सोडचिठ्ठी जोडली होती. पहिली बायको चार वर्षांपूर्वी मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती, दोन्हीकडचे लोक मारुतीच्या देवळात बसले होते, तिने अंगठा दिला होता, याने सही केली होती आणि नोटरीचा गोल शिक्का त्यावर बसला होता. त्यानंतर याने या दुसऱ्या बाईशी पाट लावला, म्हणजे रूढीने दुसरे लग्न केले, गावाला जेवण दिले आणि संसार सुरू केला. गावाच्या दृष्टीने सगळे रीतसर होते.

मी कागद पाहिला आणि ही नोंद होणार नाही असे सांगितले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न जोडीदाराच्या मृत्यूने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपते. जातीच्या रूढीने होणाऱ्या फारकतीला १९५५ च्या कायद्यात जागा आहे, परंतु ती रूढी त्या समाजात पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे हे सिद्ध करावे लागते. नोटरीचा शिक्का ते काम करत नाही. नोटरी एवढेच सांगतो की हा कागद या माणसाने माझ्यासमोर केला. पहिले लग्न कायद्याने उभे असताना केलेले दुसरे लग्न मुळातच शून्य ठरते, मग त्याला सारा गाव साक्षीला असो.

हे मी त्यांना सांगितले. पण पुढे काय करायचे ते सांगितले नाही. पहिल्या बायकोलाही मोकळे व्हायचेच होते. दोघांनी मिळून तालुक्याच्या वरच्या, म्हणजे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला असता, तर एक वर्षाहून अधिक काळ ते वेगळे राहत असल्याने सहा महिन्यांच्या मुदतीनंतर हुकूमनामा मिळाला असता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो, तेव्हा खर्चाचाही प्रश्न नव्हता. हुकूमनामा आल्यावर या दोघांनी पुन्हा विधिपूर्वक लग्न लावले असते आणि मीच त्याची नोंद केली असती. मी अर्ज परत दिला आणि बाहेर थांबलेल्या पुढच्या माणसाला आत बोलावले. त्या बाईने पोराला कडेवरून खांद्यावर घेतले आणि ती नवऱ्याच्या मागोमाग निघून गेली, एवढे मला लख्ख आठवते.

२०२१ च्या जून महिन्यात, सरकीची टोबणी चालू असताना वीज पडून तो माणूस वावरातच गेला. मी तोवर तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागलो होतो, म्हणून ती बाई पुन्हा माझ्यापर्यंत आली. जमीन सहा एकर, सगळी त्याने स्वतःच्या कमाईतून विकत घेतलेली. वारस फेरफारात नावे आली ती त्याच्या आईची, पहिल्या बायकोची आणि तिच्या मुलीची. अकरा-बारा वर्षे त्या वावरात निंदण-खुरपण करणारी, कापूस वेचणारी ही बाई आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा, दोघेही फेरफाराबाहेर राहिले होते. चावडीवर मी विचारपूस केली तेव्हा जमलेल्यांपैकी एकाने जे सांगितले तेच पुढे मी अनेक गावांत ऐकले: "बाईचंच लगन नाही, तं पोट्ट्याचा कायचा हक्क?"

या एका वाक्यात आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या गैरसमजाचे मूळ आहे. गाव आई आणि लेकरू यांना एकाच दाव्याला बांधते. कायदा त्यांना वेगवेगळे धरतो. हिंदू विवाह कायद्याचे कलम १६ असे सांगते, की लग्न शून्य असले तरी त्या लग्नातून झालेले मूल औरसच समजले जाईल. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी त्यासाठी न्यायालयाने ते लग्न शून्य ठरवल्याचा हुकूमनामा लागत असे, आणि खेड्यात असा हुकूमनामा कोण आणणार? दुरुस्तीने ती अट काढून टाकली. आईबापांनी काय केले याचा भार मुलाच्या डोक्यावर नको, एवढा साधा विचार त्यामागे आहे, आणि आपल्या कायद्यातील अतिशय शहाण्या तरतुदींपैकी ही एक आहे असे मी मनापासून मानतो.

त्यामुळे त्या सहा एकरांचे गणित सरळ होते. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू पुरुषाची आई, विधवा आणि सर्व मुले-मुली हे पहिल्या वर्गातील वारस असून प्रत्येकाला सारखा वाटा मिळतो. म्हातारी आई, कायद्याने विधवा ठरणारी पहिली बायको, तिची मुलगी आणि हा मुलगा असे चार वारस, म्हणून प्रत्येकी दीड एकर. जिच्याशी पाट लावला होता तिला काहीच नाही. कायद्यात ती विधवा नव्हती, कारण कायद्याच्या लेखी ती पत्नीच झाली नव्हती.

जमीन वडिलोपार्जित असती तर काय, असे मला शिबिरांत हमखास विचारले जाते, कारण आपल्याकडे बहुतेकांची तशीच असते. कलम १६ मधील मुलांना फक्त आईबापांच्या मिळकतीत हक्क आहे, संयुक्त कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः नाही, असे कायद्याचे शब्द आहेत आणि त्यांच्या अर्थावरून अनेक वर्षे वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्धप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या खटल्यात तो मिटवला. बापाच्या मृत्यूच्या आधल्या क्षणी वाटणी झाली असे मानायचे, त्यात बापाच्या वाट्याला जेवढे आले असते ती त्याची मिळकत, आणि तेवढ्यात या मुलालाही इतर मुलांच्या बरोबरीने हिस्सा. समजा बारा एकर वडिलोपार्जित आहेत आणि घरात बाप, कायदेशीर बायको, तिचा एक मुलगा आणि एक मुलगी आहे. मानीव वाटणीत चौघांना तीन-तीन एकर येतात. बापाचे तीन एकर मग बायको, ती दोन मुले आणि शून्य लग्नातला मुलगा अशा चौघांत विभागले जाऊन प्रत्येकाला पाऊण एकर मिळते. पहिल्या घरची मुले पावणेचार एकरांवर, हा पाऊण एकरावर. ही बरोबरी नव्हे. पण पूर्वी जिथे गावकी हाकलून देत होती तिथे पाऊण एकराचा बांध तरी उभा राहतो.

याहून अवघड जागा पुढे आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. कलम १६ चे संरक्षण मिळायला कोणते तरी लग्न लागलेले असावे लागते, मग ते शून्य का असेना. जिथे लग्नच लागले नाही, तिथे मूल वारसा कायद्याच्या दृष्टीने केवळ आईचे नातेवाईक ठरते. बापाकडून त्याला पोटगी मागता येते, वारसा मागता येत नाही. म्हणजे एक बायको असताना चोरून दुसरे लग्न लावणाऱ्याच्या मुलाला जमिनीत वाटा, आणि लग्नाला पैसे नाहीत म्हणून तसेच एकत्र राहिलेल्या दोन अविवाहित माणसांच्या मुलाला तो नाही. हा भेद मला कधीच पटलेला नाही. यातून वाट निघते ती एवढीच, की दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिलेल्या आणि समाजाने तसे मानलेल्या जोडप्याचे लग्न झालेले आहे असे न्यायालय गृहीत धरते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याबाबत असेच धरले आणि २०२२ साली केरळमधल्या एका खटल्यात त्याचा पुनरुच्चार केला. म्हणून मी लोकांना रेशन कार्ड, मतदार यादी, शाळेच्या दाखल्यातील बापाचे नाव, दवाखान्याचा केसपेपर, हे सगळे जपून ठेवायला सांगतो. तेव्हा ते किरकोळ वाटते, पण उद्या तोच पुरावा असतो.

झरी जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांत कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षे आहे. त्यातील बऱ्याच जणी कोलाम समाजाच्या आहेत, आणि मुलाचा बाप अनेकदा बाहेरून कामाला आलेला, बिगर आदिवासी असतो. इथे हिंदू विवाह कायदा आणि वारसा कायदा दोन्ही आपोआप लागू होत नाहीत, कारण केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय ते अनुसूचित जमातींना लागू नाहीत; तिथे जमातीची रूढी चालते. रूढी म्हणजे मुलींना काहीच नाही, असे धरून चालणाऱ्यांना मी आता जुलै २०२५ चा निकाल सांगतो. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की मुलीला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध होत नसेल तर तिच्या वारसांना समान वाटा मिळेल.

२०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: अविवाहित आईने स्वतःच्या मुलाचा जन्मदाखला मागितला तर तिच्या केवळ प्रतिज्ञापत्रावर तो द्यावा. त्यानंतर काही महिन्यांनी पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक मुलगी तिच्या आईबरोबर माझ्याकडे आली. बाळ बारा दिवसांचे होते. जन्म नोंदवायची मुदत एकवीस दिवसांची असते, म्हणजे वेळ होता. मी नोंदवहीत आईच्या रकान्यात तिचे पूर्ण नाव लिहिले आणि बापाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. तिने वही स्वतःकडे फिरवून घेतली, त्या रेघेवर बोट ठेवले आणि इथे आता कुणी दुसरे नाव लिहू शकेल का, असे विचारले. आपल्या मनाने कुणी लिहू शकणार नाही, असे मी सांगितले. ती हसली. तिला ते नाव तिथे नकोच होते. तिचे मूल आज शाळेत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावानंतर आईचे नाव शासकीय कागदावर लावण्याचा नियम आल्यावर मला आधी तीच आठवली. आदिवासी आई आणि बिगर आदिवासी बाप असलेल्या मुलाला जात बापाचीच लागेल असेही नाही. आईच्या समाजातच ते वाढले आणि त्या समाजाचे भोग त्याच्याही वाट्याला आले हे दाखवता येते, असे २०१२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो.

पोटगीबाबत मात्र नियम स्वच्छ आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. मूल औरस असो वा अनौरस, बाप ऐपत असून त्याला पोसत नसेल तर आई मुलाच्या वतीने तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. बाप नाकबूल झाला तर डीएनए चाचणीची मागणी करता येते, न्यायालय ती प्रत्येक वेळी मान्य करतेच असे नाही. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही बाजूंनी आपल्या मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे, हे ज्या निकालाने २०२० साली देशभर ठरले तो रजनेश विरुद्ध नेहा हा खटला आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेला होता.

आईच्या स्वतःच्या पोटगीचे तसे नाही. नवऱ्याने पहिले लग्न लपवून फसवले असेल तर तिला पोटगीपुरती पत्नी धरावे, असे २०१३ साली महाराष्ट्रातल्याच बादशाह गोडसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पण जिला पहिले लग्न ठाऊक होते ती यात बसत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही 'विवाहसदृश नाते' असे शब्द आहेत आणि त्यांच्या आधारे लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्रीला मारहाणीपासून संरक्षण, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश आणि खर्च मिळू शकतो. तिथेही विवाहित पुरुषासोबत जाणूनबुजून राहिलेल्या स्त्रीला न्यायालयाने, पुन्हा २०१३ सालीच, त्या व्याख्येबाहेर ठेवले. माझ्याकडे आलेली ती बाई सोडचिठ्ठी खरी मानून नांदायला आली होती. तिने जाणूनबुजून काय केले? तिने गावावर विश्वास ठेवला, आणि गावाला कायदा ठाऊक नव्हता.

त्या माणसाने हयातीत एक साधे मृत्युपत्र केले असते तरी पुरे झाले असते. स्वकष्टार्जित जमीन त्याला कुणालाही देता आली असती. वडिलोपार्जितातला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने देता येतो. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होते, नोंदणी केली तर उत्तम, पण सक्ती नाही. बक्षीसपत्राचा मार्गही आहे, परंतु शेतजमीन बायकोला किंवा मुलांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्काची जी २०० रुपयांची सवलत मिळते ती कायदेशीर पत्नी नसलेल्या जोडीदाराला मिळत नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली होती. तेव्हाही सातबाऱ्यावर नाव चढले ते लग्नाच्या बायकोचे. तिच्याइतकेच राबणाऱ्या, पण पाट लावून आलेल्या बाईचा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला असेल असे मला वाटत नाही, माझ्याही आला नव्हता.

आमच्या प्रकरणात दावा दाखल झाला, विधी सेवा समितीने वकील दिला, आणि तारखा पडत राहिल्या. म्हातारी सासू सुरुवातीला उलट बाजूला होती. एका तारखेला न्यायालयाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसलेली असताना तिने नातवाला जवळ ओढून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्याच वकिलाला म्हणाली, "पोट्टं तं माह्याच लेकाचं होय ना." पुढच्या राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड झाली. अज्ञान मुलाच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते, ती मिळाली आणि मुलाच्या नावे दीड एकराची नोंद झाली. पहिल्या बायकोनेही हरकत घेतली नाही. तिने कडुलिंबाखालीच या बाईशी अर्धा तास बोलून घेतले होते. काय बोलल्या ते मी विचारले नाही.

फेरफार मंजूर झाल्यावर मी तिला उतारा वाचून दाखवला. मुलाचे नाव, पुढे अ.पा.क., पुढे आई म्हणून तिचे नाव. वारस म्हणून नव्हे, पत्नी म्हणून नव्हे, तरी त्या जमिनीच्या कागदावर तिचे नाव प्रथमच आले होते. मुलगा सज्ञान होईपर्यंत जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय ही जमीन विकता येणार नाही, हे मी तिला समजावून सांगितले. तिने ते ऐकून घेतले, उतारा हातात घेतला, आपले नाव कुठले ते विचारून त्यावर बोट ठेवले, आणि मग हे नाव तिथे कधीपर्यंत राहील असे विचारले. मुलाला २०२८ मध्ये अठरा वर्षे पूर्ण होतील, तोपर्यंत, असे मी सांगितले. तिने बोटांवर वर्षे मोजली. मग उताऱ्याची घडी घालून तो पिशवीत, रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवला, आणि पेरणीआधी बांधावरच्या तुराट्या काढायच्या आहेत असे सांगून बसथांब्याकडे निघाली.